वीस फेरे आणि वरचा मजला

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल हा कागद ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांची मी माफी मागतो. नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते. या कागदात एवढी एकच माफी आहे. पुढे आणखी एखादी सापडेल म्हणून कोणी पाने उलटत बसू नये.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी (आठवीत बसलो होतो, पण सहामाहीपर्यंतच), पूर्वी पाणी खात्यात व्हॉल्व्हमन, नंतर नगरसेवक, नंतर या शहराचा महापौर, नंतर दोन वर्षे सरकारी पाहुणा आणि सध्या नुसता म्हातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. येत्या सोमवारी माझ्या आतड्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "काका, काळजीचं काही कारण नाही." ज्याच्या काळजीचे कारण नसते त्याच्या घरी डॉक्टर दोनदा चालत येत नाहीत, एवढे मला कळते.

माझे डोके ठिकाणावर आहे का हे पाहायला डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. बुधवार. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बहात्तरपर्यंत पोचल्यावर मी त्यांना विचारले, "आठ इंची व्हॉल्व्ह बंद करायला किती फेरे लागतात?"

"मला काय माहीत?"

"सव्वीस. इंचाला तीन आणि वर दोन. आता तुमचं डोकं ठिकाणावर आहे असं मी लिहून देऊ का?"

ते हसले आणि दाखला दिला. तो शेवटी टाचला आहे. टाचणी गंजकी आहे. नवी मिळाली की बदलावी, नाहीतर कागदाला डाग पडेल आणि कोणीतरी म्हणेल की डाग मुद्दाम पाडला.

कलम पहिले. टाकीच्या चढावरच्या माझ्या घराचा खालचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि पुढचा ओटा, मी पगारातून बांधला. त्याला अकरा वर्षे लागली. हे ठासून लिहितो, कारण कोर्टात सरकारी वकील 'आरोपीचे आलिशान घर' असे म्हणाले होते. आलिशान घराच्या मोरीत अंग चोळताना कोपर भिंतीवर आपटत नाही. हा मजला माझ्या पश्चात माझ्या पत्नीचा. ती आहे तोवर तिला कोणी हलवू नये. तिची खिडकीजवळची खाटही हलवू नये. तिच्या पश्चात हा मजला मुलगा आणि मुलगी यांचा, निम्मा-निम्मा.

पत्नी शेजारी बसून शेंगा सोलते आहे. तिने विचारले, "खाटेचं कशाला लिहिताय?"

"उद्या सूनबाईला तिथे कपाट ठेवावंसं वाटलं तर?"

"तर मी बघून घेईन. मला तोंड नाही का?"

तोंड आहे. सेहेचाळीस वर्षे ऐकतो आहे. तरी कलम राहू दे.

कलम दुसरे. नळ-तोट्यांचे दुकान, आतल्या मालासह आणि मागच्या दोन खोल्यांसह, मुलाचे. हे दुकान मी महापौर होण्याच्या आधीचे आहे आणि पत्नीच्या बांगड्या मोडून घातलेले आहे. त्यात कोणाचा हात नाही. थोरला माझ्यावर सध्या चिडलेला आहे. का, ते पुढे येईल. पण मी आत असताना दर पंधरा दिवसांनी तो भेटायला यायचा आणि एकदाही 'बाबा, असं का केलंत' म्हणाला नाही. हे मी विसरलेलो नाही, असे इथे लिहून ठेवतो. माझे मनगटी घड्याळही त्यालाच. ते पाच मिनिटे पुढे आहे. मागे करू नये. पाणी सोडणाऱ्याने कधी उशिरा पोचू नये म्हणून ते तसे ठेवलेले आहे.

कलम तिसरे. हत्यारे. माझ्याकडे दोन आहेत. एक ऐकायची सळई. तिचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाला लावले की जमिनीखाली कुठे गळते ते कळते. ही मी माझ्या जुन्या जोडीदाराला, सगळे ज्याला लंब्या म्हणतात त्याला देणार होतो. पण ज्याचा सल्ला घेतला त्या दस्त लिहिणाऱ्याने सांगितले की ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसावा. मला लंब्या साक्षीदार म्हणूनच हवा आहे. म्हणून सळई मी आज दुपारीच त्याच्या हातात दिली. ती आता माझी नाही, त्यामुळे या कागदात नाही. कोणी शंका काढू नये.

दुसरी म्हणजे चावी. छातीएवढी उंच, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. जमिनीतल्या व्हॉल्व्हवर बसवून ती फिरवायची. या चावीने मी तेवीस वर्षे या शहराला पाणी सोडले. लोक मला चावीवालाच म्हणायचे. ही चावी कोणाला द्यायची ते शेवटी लिहितो, कारण ती का द्यायची ते आधी कळले पाहिजे.

व्हॉल्व्हमनची एक सवय असते. तो फेरे मोजतो, आणि मोठ्याने मोजतो. मनात मोजले तर कोणी हाक मारली की आकडा जातो. आकडा गेला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला की मधेच खडा अडकला ते कळत नाही. सहा इंचीला वीस, आठ इंचीला सव्वीस, बारा इंचीला अडतीस. माझी धाकटी पाच वर्षांची असल्यापासून सकाळी माझ्याबरोबर यायची. झाकणाच्या कडेला उकिडवी बसायची आणि माझ्याबरोबर मोजायची. मधेच मी मुद्दाम एखादा आकडा गाळला तर ओरडायची, "बाबा, सतरा खाल्ला!" अडतीसपर्यंतचे आकडे तिला शाळेच्या आधी आले. एकोणचाळीस मात्र शाळेत शिकली.

आता मी मोठा कसा झालो ते. चढाच्या पायथ्याला खालची गल्ली आहे. तिथे पाणी तिसऱ्या दिवशी यायचे, तेही अर्धा तास. मी ते पाऊण तास करायचो. वरिष्ठांना सांगायचो, व्हॉल्व्ह जड झालाय, बंद व्हायला वेळ लागतो. एवढ्यावर मी त्या गल्लीचा देव झालो. गल्लीतली एक इस्त्रीवाली होती, तिच्या तोंडाला सगळे घाबरायचे. तिने मला रस्त्यात अडवले. म्हणाली, "असा पाव तास चोरून किती दिवस देणार? निवडणुकीला उभा राहा, पुरता तास दे."

"मी सातवी शिकलेला माणूस."

"आधीचा पंधरावी होता. त्याने काय दिवे लावले?"

मी नोकरी सोडली आणि उभा राहिलो. भाषण करता येत नव्हते, म्हणून चावी खांद्यावर टाकून दारोदार फिरलो. चार वेळा निवडून आलो. खालच्या गल्लीला रोज पाणी दिले, पुरते तासभर. हे मी केले. माझ्या नावावर नंतर जे काही लागले ते लागले, पण हे पुसता येणार नाही.

चौथ्या वेळी दोन मोठ्या गटांचे जमेना. दोघांनाही महापौर आपला हवा होता, आणि तो समोरच्याचा नसेल तर कोणीही चालणार होता. दोघांनाही वाटले, हा अडाणी आहे, जिथे बोट दाखवू तिथे सही करील. मी झालो महापौर. वय एकसष्ट. गाडी आली, शिपाई आला, दारावर पाटी आली. सभागृहातली खुर्ची इतकी उंच होती की माझे पाय टेकायचे नाहीत. पहिल्याच सभेत मी टेबलाखाली चप्पल काढली आणि ती सरकत-सरकत विरोधी नेत्याच्या पायाशी गेली. तो म्हणाला, "महापौरांनी पादुका पाठवल्या आहेत, राज्य मी चालवतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र तासभर तडफडलो.

कलम चौथे. महापौरांचा झगा. तो माझ्या लोखंडी कपाटात आहे. मी चोरला नाही. अटक झाली त्या दिवशी तो उसवला होता म्हणून घरी होता, आणि नंतर कोणी मागायला आले नाही. तो धुऊन, इस्त्री करून महापालिकेला परत करावा आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय देऊ नये. तिथल्या भिंतीवर सगळ्या महापौरांचे फोटो आहेत, त्यात माझा काढून टाकला आहे. खिळा आणि चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. तो फोटो परत लावा म्हणून माझ्या घरच्या कोणीही अर्ज करू नये. डाग राहू द्या. आता येणारे-जाणारे सगळ्या फोटोंमध्ये त्या एकाच जागेकडे बघतात.

आता ठेकेदार. त्याचा आवाज लोण्यासारखा आणि हात त्याहून मऊ. त्याला आम्ही घरात लोण्या म्हणायचो. मुख्य टाकीपासून खालच्या गल्लीपर्यंत जुना सहा इंची पाइप काढून नवा बारा इंची टाकायचा, हे काम त्याला मिळाले. ते मीच आणले होते, भांडून आणले होते. काम सुरू झाल्यावर तो एका दुपारी घरी आला. ओट्यावर बसून वर पाहिले. वर तेव्हा पत्रे होते.

"वहिनी," तो पत्नीला म्हणाला, "महापौरांच्या डोक्यावर पत्रा? लोक काय म्हणतील? माझी माणसं इथेच कामाला आहेत. सिमेंट उरतंच. एक मजला चढवून देतो."

मी 'नको' म्हणालो नाही. कोर्टात यावर बराच काथ्याकूट झाला, म्हणून इथे स्वच्छ लिहितो: मी 'नको' म्हणालो नाही.

हे वाचून दाखवल्यावर पत्नी म्हणाली, "आणि मी 'हो' म्हणाले ते कुठंय?"

"तुला कशाला मधे आणू?"

"मग 'हो' कोणाच्या तोंडून निघालं होतं, शेजारणीच्या? लिहा. दर पावसात पत्र्याखाली बादल्या मी ठेवायचे. मी 'हो' म्हणाले, आणि आनंदाने म्हणाले."

लिहिले.

दोन महिन्यांत मजला उभा राहिला. थोरला संसार घेऊन वर राहायला गेला. धाकटी तेव्हा नुकतीच महापालिकेच्या दवाखान्यात नर्स झाली होती. ती जिना चढून एकदा वर गेली, भिंतीवर हात फिरवला आणि खाली येऊन मला म्हणाली, "बाबा, हे कोणाचं?"

मी म्हणालो, "आपलं."



मग उद्घाटन. खालच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव, वर नवे कोरे डांबर, खाली म्हणे नवा पाइप. लोण्याने मला सांगितले होते, सगळे झाले, शेवटच्या हातापर्यंत झाले. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. फीत कापणे मला आवडत नाही. मी म्हणालो, मी माझ्या चावीने व्हॉल्व्ह उघडणार. दोन्ही हात दांड्यावर, म्हणून माईक धरायला धाकटी उभी राहिली. मी चावी बसवली आणि फिरवायला लागलो. सवय ती सवय. तोंडाने मोजू लागलो. एक, दोन, तीन. लोकांना मजा वाटली, तेही माझ्याबरोबर मोजू लागले. अठरा, एकोणीस, वीस. आणि चावी थांबली.

मी जोर केला. हलेना. खडा अडकलेला असला की चावी कचकन थांबते. ही तशी थांबली नव्हती. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर जशी थांबते तशी मऊ थांबली. माझ्या पायाखाली जुना सहा इंची पाइप होता, जसाच्या तसा. वर नुसते डांबर नवे.

"वीस," मी माईकमध्ये म्हणालो. ते आपोआप निघाले.

गर्दीतून लंब्या ओरडला, "साहेब, बारा इंचीला अडतीस लागतात! अठरा कुठं गेले?"

सगळी गल्ली हसली. त्यांना वाटले, थट्टा आहे. मीही हात हलवला. पण धाकटी हसली नव्हती. ती माईक धरून माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होते, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होते.

आठ दिवसांनी लोण्या काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आला. मी त्याला म्हणालो, "खाली जुनाच पाइप आहे."

तो म्हणाला, "साहेब, पाऊस संपला की टाकतो. तुमचा वरचा स्लॅब पावसात कुठे गळला तर सांगा हं, लगेच बघतो."

मी सही केली.

हाच माझा गुन्हा. दुसरे जे काही वर्तमानपत्रांत आले, परगावची जमीन, बँकेतली पेटी, ते सगळे खोटे. पण सही खरी आणि सही करताना मला माहीत होते, हेही खरे. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीत पाणी आलेच नाही. लोकांनी रस्ता खणला, जुना पाइप बाहेर आला, आणि 'अठरा कुठं गेले' हे भिंतीभिंतीवर लिहिले गेले. मी महापौरपद सोडले नाही. मला काढावे लागले. ज्या दोन गटांचे कधी जमले नव्हते त्यांचे मला काढताना पहिल्यांदा जमले.

खटल्यात माझे वकील म्हणाले, "तुम्ही एवढंच सांगा की गडबडीत मोजणी चुकली. म्हणजे तुम्हाला काही कळलंच नव्हतं. पालिकेच्या इंजिनिअरने सांगितलं, तुम्ही सही केली. कमी शिकलेला माणूस, फसला बिचारा. सुटाल."

मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "गर्दीत माझी मोजणी चुकली असेल."

मग सरकारी वकिलांनी धाकटीला बोलावले, कारण माईक तिने धरला होता. त्यांनी विचारले, "तुमच्या वडिलांची मोजणी चुकू शकते का?" तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, हो म्हण.

ती म्हणाली, "नाही. माझे वडील बाकी कशातही चुकतील. फेऱ्यांत नाही."

मला दोन वर्षांची शिक्षा लागली. लोण्या मात्र सुटला. त्याच्या कागदांवर सही दुसऱ्याच कोणाची होती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला म्हणालो, "माझ्या घराची पायरी चढू नकोस."

ती म्हणाली, "तो वरचा मजला आहे तोवर मीच चढणार नाही." या हट्टीपणात ती कोणावर गेली हे सांगायला ज्योतिषी नको. नऊ वर्षे झाली. ती आता खालच्याच गल्लीत राहते, नवरा आणि मुलीसह. पत्नी दर रविवारी तिच्याकडे जाते. मी ओट्यावर बसून वाट बघतो, आणि आली की काही विचारत नाही. पत्नी आपणहून भाजीचे, पावसाचे, नातीच्या दातांचे सांगते. पाण्याचे विचारावे लागत नाही. तिच्या खांद्यांवरून कळते की लेकीला दोन हंडे भरून देऊन आली आहे.

कारण तो पाइप अजून तिथेच आहे. आधी पुरावा म्हणून हलवला नाही, मग योजनाच गुंडाळली. आतून गंजून तो इतका भरला आहे की सहा इंचांतून जेमतेम दोन इंच वाट उरली असेल. माझे पाणी पुन्हा तिसऱ्या दिवसावर गेले.

कलम पाचवे. वरचा मजला. दस्त लिहिणारा म्हणाला, "काका, महापालिकेच्या दप्तरात तुमचं घर एकमजली आहे. जो मजला कागदावर नाही तो कोणाला देता येत नाही." पाहा गंमत. पाइप कागदावर होता, जमिनीत नव्हता. मजला उभा आहे, कागदावर नाही. मी विचारले, "देता येत नाही, पण पाडता येतो ना?" तो म्हणाला, "तुमचं तुम्ही पाडा, मला काय."

तर माझ्या पश्चात, किंवा मी ऑपरेशनातून उठलो तर माझ्यासमोर, वरच्या दोन्ही खोल्या भिंतींसकट पाडाव्यात. खालचा स्लॅब ठेवावा. तो मजबूत आहे. लोण्याने लोकांच्या पाइपात चोरी केली, माझ्या स्लॅबमध्ये केली नाही. तिथे सळई दुप्पट टाकली. लाच पक्की बांधावी लागते. तरी एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्यावे, लोण्याच्या ओळखीचा नसलेल्या. त्या स्लॅबवर पाण्याची टाकी बसवावी. आमच्या चढावर सकाळी पाण्याला चांगला जोर असतो, टाकी भरेल. तिथून दोन इंची पाइप गटाराच्या कडेने खालच्या गल्लीत न्यावा. रस्ता लंब्याला माहीत आहे. पाइप आणि तोट्या दुकानातून घ्याव्यात, थोरल्याने हूं की चूं करू नये. परवानगी मागू नये. मागितली तर मिळणार नाही. नोटीस आली तर पत्नीने ओट्यावर उभे राहून विचारावे, अठरा कुठे गेले. तिचा आवाज पुरेल.

काल हे थोरल्याला सांगितले. तो लालबुंद झाला.

"बाबा, माझ्या डोक्यावरचं छप्पर काढताय?"

"ते छप्पर खालच्या गल्लीच्या पाइपाचं आहे. दुकानामागच्या दोन खोल्या तुला दिल्यात."

"तिथे माझं कपाटसुद्धा मावणार नाही! आणि ज्या लोकांनी तुम्हाला चोर म्हटलं त्यांनाच टाकी?"

"खोटं म्हणाले असते तर थेंब दिला नसता."

तो जिना दणदणत वर गेला. अजून खाली आलेला नाही. सूनबाई मात्र सकाळी हळूच येऊन टाकी किती मोठी असेल ते विचारून गेली.

ही टाकी म्हणजे माझे प्रायश्चित्त नव्हे. तसे कोणी भाषणात म्हणू नये. माझ्या मागे भाषण करूच नये. मी चोर आहे, हे मान्य. खुशाल लिहा. पण चोर लिहिताना असे लिहू नका की याला मोजता येत नव्हते. म्हणून या कागदात, डॉक्टर आणि लंब्या यांच्यासमोर, मी माझी कोर्टातली जबानी मागे घेतो. फेरे वीसच होते. माझी मोजणी चुकली नव्हती. माझी मुलगी खरे बोलली, आणि तिच्या आधी पिंजऱ्यात मी जे बोललो तेवढेच माझे खोटे होते. हे वाक्य कोणी खोडू नये. शाई फिकी झाली तर पुन्हा गिरवावे.

कलम सहावे. लोण्या माझ्या अंत्ययात्रेला येईल, कारण तो सगळ्यांच्या येतो. त्याला हाकलू नये. त्याला खालच्या गल्लीत नेऊन पाणी प्यायला मागायला लावावे आणि पाणी येईपर्यंत बसवून ठेवावे.

कलम सातवे आणि शेवटचे. टाकी कधी उघडायची, कधी बंद करायची, कोणत्या घराला किती वेळ, हे सगळे एका माणसाच्या हाती हवे. नाहीतर महिन्याभरात तिथेही राजकारण शिरेल. तो माणूस मोजताना न चुकणारा आणि बापालाही न भिणारा हवा. असा मला एकच माहीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी, टाकीची व्यवस्था आणि माझी चावी मी माझ्या धाकटीकडे सोपवू इच्छितो. दस्त लिहिणारा म्हणतो की ज्याच्यावर भार टाकायचा त्याची संमती आधी घ्यावी. म्हणून खाली तिच्या सहीची जागा मोकळी सोडली आहे. ती दुसऱ्या कोणाच्या नावाने भरू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, पत्नीला वाचून दाखवला, तिने एका ठिकाणी दुरुस्ती केली, ती मला मान्य आहे.

मृत्युपत्र करणार: सही. (हात थरथरतो म्हणून वाकडी आली आहे. बनावट नव्हे.)

साक्षीदार पहिला: डॉक्टर, चढावरचा दवाखाना. सही.

साक्षीदार दुसरा: लंब्या, निवृत्त व्हॉल्व्हमन. सही. (त्याची सही वाचता येत नाही, पण त्याचीच आहे. सही करून तो म्हणाला, "अरे, त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं तर?" मी म्हणालो, "तर तू लंब्या कसला?")

व्यवस्था स्वीकारणार: ........................

ठिकाण: राहते घर, पुढचा ओटा. दिनांक: अकरा मार्च, बुधवार, दुपारचे तीन. माझ्या घड्याळात तीन वाजून पाच.

ता. क. धाकटीस. या कागदाची नक्कल आणि चावी आत्ता आईबरोबर पाठवतो आहे. चावी जड आहे, तिला वाटेत दोनदा टेकायला सांगितले आहे, पण ती माझे ऐकणार नाही. तुला 'नाही' म्हणायचे असेल तर चावी परत पाठव, मी काही बोलणार नाही. 'हो' असेल तर ठेवून घे. ऑपरेशनाचे तुला आईने सांगितले नसेल, मीच सांगू नको म्हटले होते. सोमवारी सकाळी आठला नेतील. वर यायचे नसेल तर येऊ नकोस, मजला अजून उभा आहे, तुझा शब्द मला ठाऊक आहे. पण पाडायला माणसे कधी बोलवायची ते तुझ्या उत्तरावर आहे, आणि मला ते पडताना बघायचे आहे. तेव्हा रविवारची वाट बघू नकोस. आई परत निघेल तेव्हाच तिच्याबरोबर निरोप दे. मी ओट्यावरच बसलो आहे. लवकर कळव.